पडद्यावरचे आबा

एखाद्या नाटकाचे, गवयाचे किंवा मालिकेचे मनापासून वेड लागणे हा गुण समजावा की दोष, असा प्रश्न परवा एका स्नेह्याने मला केला. ते स्वतः नेमाने देवदर्शन करणारे, जपाची माळ चुकू न देणारे गृहस्थ. त्यांच्या मते अशी आवड म्हणजे निव्वळ मोह. जे प्रेम देवाला किंवा माणसाला द्यावयाचे, ते आपण सोंगांवर उधळतो. मी पडलो वकील. आरोप ऐकला की बचाव सुचतो. परंतु या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात मीच उभा असल्यामुळे बचावापूर्वी कबुलीजबाब देणे मला भाग आहे.

माझे घर पांढुर्ण्यास आणि वकिली सौंसरच्या न्यायालयात. सातपुड्याच्या दक्षिण अंगाचा हा संत्र्यांचा मुलूख. 1956 च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. तरी कचेरीत हिंदी आणि चुलीपाशी मराठी ही आमची जुनी वाटणी कायमच आहे. अशा गावात 2001 साली केबलवरून ‘अल्फा मराठी’वर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका दिसू लागली, तेव्हा आम्हांला किती आनंद झाला असेल याची कल्पना पुण्यामुंबईच्या वाचकांस सहजी यावयाची नाही. आपल्या स्वयंपाकघरातली भाषा प्रथमच दिवाणखान्यात मानाने बसली, असे वाटले.

दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावरून ही मालिका केदार शिंदे यांनी बसविली होती. तीत कारस्थान नव्हते, खलपुरुष नव्हता. मुलगा शेखर, सून श्यामला, नातू शिऱ्या, नात शलाका आणि या सर्वांचे आबा. काहीतरी क्षुल्लक घडावे, त्यावरून घरभर धांदल उडावी आणि आबांनी मिस्कीलपणे ती न्याहाळावी, एवढाच तिचा व्याप. मी तेव्हा कायद्याचा विद्यार्थी होतो. मालिकेच्या वेळी जेवणे उरकलेली असत, आल्यागेल्यालाही गप्प बसावे लागे. आबांचा हट्ट, त्यांचे तिरकस बोलणे, त्यांची भाबडी शंका या साऱ्यांची नक्कल आम्ही भावंडे आठवडाभर करीत असू.

आमच्या घरीही एक आजोबा होते. तेही हट्टी होते, तिरकस बोलत, तीच शंका तीनदा विचारीत. एका रात्री मालिका ऐन रंगात असताना त्यांनी मागच्या खुर्चीवरून काही सांगावयास आरंभ केला. “आजोबा, जरा थांबा हो! आबा काय म्हणतात ते ऐकू द्या!” असे मी ओरडलो. ते थांबले. थोड्या वेळाने काठी घेऊन ओसरीवर गेले. जाहिराती लागल्या तेव्हा कोठे खुर्ची रिकामी असल्याचे आमच्या ध्यानी आले.

प्रभावळकर थोर नट, यात शंका नाही. पण मालिका सुरू झाली तेव्हा त्यांनी स्वतः साठीही गाठली नव्हती. रंग लावून म्हातारा झालेल्या एका गृहस्थाचे बोलणे नीट ऐकू यावे म्हणून मी खऱ्या म्हाताऱ्याला गप्प केले होते.

उत्साहाच्या भरात समोरचा माणूस दिसेनासा होतो, हे पांढुर्ण्याच्या रहिवाशास निराळे सांगावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव परस्परांवर दगड फेकतात. वर्षभर ज्यांच्याशी सोयरीक आणि व्यापार, त्यांचीच डोकी त्या दिवशी फुटतात. मी दगड फेकला नव्हता, इतकेच.

पण म्हणून दोष मालिकेचा ठरतो काय? कीर्तनात सुदाम्याच्या पोह्यांची कथा ऐकताना आपले डोळे भरून येतात, आणि घरी परतल्यावर दारात उभा असलेला गरीब नातलग आपल्याला नकोसा होतो. त्यावरून कीर्तन खोटे, असे कोणी म्हणत नाही. आपल्या रसशास्त्रकारांनी याचे मर्म जाणले होते. रंगभूमीवरील व्यक्ती ना आपली असते ना परक्याची, म्हणून तिच्या भावनेचा आस्वाद निर्वेधपणे घेता येतो, असे भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांचे सांगणे. पडद्यावरचे आबा रात्री खोकून माझी झोपमोड करीत नव्हते. त्यांच्यावर प्रेम करणे मला फुकट पडत होते. आजोबांच्या बाबतीत थोडी किंमत मोजावी लागत होती.

तरीही स्नेह्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. फुकटचे प्रेम खोटेच असते असे नाही. मग आबा आम्हांला इतके प्रिय का झाले? ते गोड स्वभावाचे होते म्हणून नव्हे, तर त्यांचे म्हणणे आम्ही पूर्ण ऐकले म्हणून. ‘अनुदिनी’ म्हणजे रोजनिशी; घरातल्या प्रत्येक भांडणाची आबांच्या मनातली बाजू आमच्यापुढे येत होती. दुसरा पक्ष ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, हे न्यायाचे पहिले तत्त्व मी त्याच वर्षी परीक्षेसाठी पाठ करीत होतो. आबांना मी दर आठवड्यास सुनावणी देत होतो आणि आजोबांचा निकाल न ऐकताच लावून मोकळा झालो होतो. ‘म्हातारा त्रासदायक आहे’ हा तो निकाल.

म्हणून मला वाटते, मालिकेने मला बिघडविले नाही. तिने मला धडा दिला, मी तो गिरविला नाही. पडद्यावरच्या माणसाविषयी जी क्षमा सहज सुचते, ती आपल्याजवळ असतेच, हे तर त्यातून सिद्ध झाले. ती घरात वापरावयाची राहून जाते, एवढाच आपला अपराध. आणि तो लहान नव्हे.

आजोबा नंतर फार दिवस राहिले नाहीत. त्या रात्री ते काय सांगणार होते, हे मला कधी कळले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही, आणि पुढे विचारावयास तेच उरले नाहीत.

टिपऱ्यांचे जुने भाग मी अजूनही आवडीने पाहतो, हे स्नेह्यांना मी लपविले नाही. मात्र मध्येच आई काही बोलू लागली की आबांचा आवाज बंद करतो. बहुधा ती भाजीचा भावच सांगत असते.