इलाज आणि नाइलाज

आपल्या भाषेत 'इलाज' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक उपचार आणि दुसरा मार्ग. 'वैद्याचा इलाज चालू आहे' असे म्हणताना पहिला अर्थ मनात असतो. 'काय करणार, इलाज नाही' म्हणून आपण उसासा टाकतो तेव्हा दुसरा. एरवी या दोन अर्थांची सरमिसळ झाल्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु गरीब स्त्रीच्या गर्भाशयावरील शस्त्रक्रियेचा विषय निघाला की ही सरमिसळ जीवघेणी ठरते. डॉक्टर सांगतात, "पिशवी काढण्यावाचून इलाज नाही." बाईही मान डोलावते व म्हणते, "इलाज नाही." डॉक्टरांच्या वाक्यात वैद्यकशास्त्र बोलत असते, निदान तसे गृहीत धरलेले असते, बाईच्या वाक्यात तिची गरिबी बोलत असते. मग तिने दिलेल्या या होकाराला आपण स्वतंत्र होकार म्हणावे काय? आणि म्हणता येत नसेल, तर त्याचा दोष कोणाकडे जातो?

चिखली–खामगाव रस्त्यावरच्या अमडापूरसारख्या गावात हा विषय चारचौघांत बोलला जात नाही. 'अंगावरून पांढरे जाते', 'अंग बाहेर येते' अशा आडवळणाच्या शब्दांत तो जावेच्या किंवा बहिणीच्या कानी घातला जातो. घरातल्या पुरुषाला त्याची वार्ता नसते, धर्मगुरूला तर नसतेच. फार झाले तर एखाद्या सिस्टरला अथवा आशा कार्यकर्तीला ती कळते. गर्भाशयाला आपण 'पिशवी' म्हणतो. पिशवीत काही आणायचे नसले की ती घडी करून ठेवावी, फाटली तर टाकून द्यावी. जिथे नऊ महिने मनुष्यप्राणी घडतो, त्या अवयवाची किंमत आपल्या बोलीने अशी नकळत ठरवून टाकली आहे.

या मौनाखाली किती दुःख दडलेले आहे, हे डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेल्या पाहणीतून जगासमोर आले. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. एकेका स्त्रीमागे सरासरी ३.६ विकार आढळले. आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. सरकारी आरोग्यसेवा तोवर स्त्रीकडे पाहत होती ती गरोदर माता म्हणून, नाहीतर कुटुंबनियोजनाचे 'लक्ष्य' म्हणून. ज्या स्त्रीला आता मूल व्हायचे नव्हते आणि जिची नसबंदीही उरकली होती, तिच्या शरीराशी जणू कोणाचे काही देणेघेणेच उरले नव्हते.

नसबंदीच्या शस्त्रक्रिया मात्र खेड्यापर्यंत पोचल्या होत्या, ही गोष्ट विसरता येणार नाही. शिबिरे भरत, वाहने येत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत शस्त्रक्रियेची टेबले मांडली जात. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर येथे एका सर्जनने एका शिबिरात ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यानंतर तेरा स्त्रिया दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. म्हणजे सर्जनला खेड्यात नेणे शासनाला अशक्य कधीच नव्हते. शासनाला स्त्रीकडून जे हवे होते त्यासाठी दार उघडले गेले. स्त्रीला जे हवे होते त्यासाठी ते किलकिलेच राहिले.

आज कागदावर परिस्थिती पालटली आहे, आणि ते आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. २०२४ साली बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि केसपेपर फुकट मिळणे निराळे आणि शस्त्रक्रिया मिळणे निराळे. शस्त्रक्रियेसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, रक्त लागते, रिकामी खाट लागते. यांतला एक जरी नसला तरी पुढची तारीख मिळते. केंद्र शासनाच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार, देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने स्त्रीरोगतज्ज्ञांची कमतरता सुमारे ७४ टक्के आणि शल्यविशारदांची ८३ टक्के होती. मजुरी करणाऱ्या बाईला प्रत्येक पुढची तारीख म्हणजे बुडालेला रोज, एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्या माणसाचाही रोज. तिसऱ्या तारखेला ती जात नाही. दप्तरात तिच्या नावापुढे 'रुग्ण आली नाही' एवढीच नोंद राहते.

दार बंद असले म्हणून दुखणे थांबत नाही. ते दुसरे दार शोधते. आपल्या शेजारच्या जालन्यापलीकडे बीड जिल्हा आहे. तिथले काय झाले ते २०१९ साली विधिमंडळात सांगितले गेले: तीन वर्षांत ९९ खाजगी रुग्णालयांमध्ये गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची माहिती आली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस फडात गेले नाही की खाडा. पाळीच्या दिवसांतही सुटका नाही, फडाजवळ आडोसा नाही. अशा बाईला "पिशवी राहिली तर कॅन्सर होईल" एवढे सांगितले की पुरे होते. तीही मग कर्ज काढते आणि ऑपरेशन उरकून घेते.

येथे नैतिक प्रश्न उभा राहतो. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात अवयव छेदण्याविषयी विचार केला आहे. सर्व शरीराच्या हितासाठी एखादा सडलेला अवयव काढणे योग्य आहे, पण ते ज्याचे शरीर त्याच्या संमतीने. आणि अन्य कोणत्याही मार्गाने शरीराचे हित साधत नसेल तरच. पोप बारावे पायस यांनी १९५२ साली हेच तत्त्व आधुनिक वैद्यकापुढे मांडले. गर्भाशयाचा कर्करोग असेल, रक्तस्राव कशानेच आटोक्यात येत नसेल, तर गर्भाशय काढण्यात चर्चच्या दृष्टीने कसलेही पाप नाही; अंग बाहेर येण्याचे दुखणे विकोपाला गेले असता तर शस्त्रक्रिया हा दिलासाच असतो. पण पांढरे जाते म्हणून, जंतुसंसर्ग आहे म्हणून, औषधाने बरे होणारे दुखणे आहे म्हणून पस्तिशीच्या आत गर्भाशय, आणि कधी त्यासोबत बीजांडेही, काढून टाकणे हा उपचार नव्हे. अकाली ऋतुनिवृत्ती, ठिसूळ हाडे, हृदयविकाराचा धोका हे त्यामागोमाग येते.

'अन्य मार्ग नसेल तर' या अटीकडे नीट पाहावे. अक्विनास यांना अभिप्रेत होता तो शरीरशास्त्रातला मार्ग. बीडच्या बाईला जो मार्ग नव्हता तो शरीरशास्त्रातला नव्हता. औषध होते, तपासणी होती, विश्रांती होती. तिच्यापर्यंत ती पोचत नव्हती एवढेच. समाजाने निर्माण केलेला नाइलाज वैद्यकीय नाइलाज म्हणून तिच्यापुढे मांडला गेला आणि तिने त्यावर अंगठा उठवला. डॉक्टर म्हणतील, "ती स्वतःच मागणी करीत आली." खरे आहे. परंतु ज्याच्यापुढे एकच दार उघडे आहे, त्याने त्या दारातून आत जाणे याला निवड म्हणत नाहीत. जिला शस्त्रक्रियेची गरज आहे तिला ती मिळत नाही आणि जिला गरज नाही तिच्यावर ती होते, हे दोन वेगळे अन्याय आपल्याला वाटतात. वस्तुतः ती एकाच अन्यायाची दोन रूपे आहेत.

म्हणूनच केवळ बंदीने हा प्रश्न सुटत नाही. बीडमध्ये खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारण्यास सर्व राज्यांना सांगितले. हे आवश्यकच होते. परंतु चुकीचे दार बंद केल्याने योग्य दार आपोआप उघडत नाही. कोणी म्हणेल, शासनाकडे पैसा तुटपुंजा आहे. प्राण वाचविणारे उपचार आधी, बाकीचे नंतर. यात तथ्य आहे. पण जे मारीत नाही ते दुःख क्षुल्लक, असा त्याचा अर्थ होऊ नये. अंग बाहेर आलेली बाई मरत नाही. ती वीस वर्षे वाकून चालते. मृत्यूची नोंद होते, वाकून चालण्याची होत नाही.

आपल्या श्रद्धावंतांतही एक समजूत आहे: स्त्रीने सोसावे, तो तिचा क्रूस. क्रूस म्हणजे दुसऱ्याच्या हयगयीला दिलेले पवित्र नाव नव्हे. संत मार्कच्या शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्राव होणारी स्त्री भेटते. अनेक वैद्यांच्या हाती तिने पुष्कळ सोसले, होते नव्हते ते खर्चून टाकले, आणि दुखणे वाढतच गेले. प्रभू येशूने तिला 'सोस' असे म्हटले नाही. गर्दीत लपून आलेल्या त्या स्त्रीला त्याने बोलते केले, तिचे सारे ऐकून घेतले आणि तिला कन्या म्हटले.

दारे बंद होती तशी ती उघडलीही गेली आहेत. १८८२ साली पुण्यात हंटर आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी स्त्री-डॉक्टर हव्यात अशी मागणी केली. आपल्या चर्चमध्येही धर्मभगिनींना प्रसूतिशास्त्र आणि शस्त्रक्रिया यांपासून दीर्घकाळ दूर ठेवले गेले होते. १९३६ साली रोमने ती आडकाठी काढली. त्याआधी विशेष परवानगी घेऊन गुंटूरमध्ये सेवा करणाऱ्या डॉ. सिस्टर मेरी ग्लाउरी यांनी १९४३ साली भारतातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभी केली.

आपल्याला करण्यासारखे थोडे आहे, पण ते खरे आहे. पत्नीला रुग्णालयात नेताना पतीने दाराबाहेर थांबू नये. आत जाऊन विचारावे: नेमका रोग कोणता, औषधाने बरा होईल काय, बीजांडे काढणार आहात काय? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय तारीख ठरवू नये. सरकारी रुग्णालयाने पुढची तारीख दिली तर त्या तारखेला तिच्यासोबत जाण्यासाठी धर्मग्रामातून एक माणूस मिळावा. आणि रुग्ण कल्याण समितीत, ग्रामसभेत एकाने तरी उठून विचारावे की स्त्रीरोगतज्ज्ञाचे आणि भूलतज्ज्ञाचे पद कधीपासून रिकामे आहे. हा दानधर्म नाही. तिचे जे तिला मिळायला हवे होते, ते मागणे आहे. तिने पुन्हा 'इलाज नाही' म्हटले, तर निदान त्या वाक्याचा अर्थ तरी वैद्यकीय असावा.