रस्ता हातापर्यंत किती यावा?

नालासोपारा पूर्वेला आचोळे रोडवर रिक्षावाला हँडल वळवतो, तेव्हा पुढचं एकुलतं एक चाक थेट त्याच्या हातानं वळतं. मध्ये ना स्टिअरिंग बॉक्स (दात्यांची पेटी), ना टाय रॉड (चाकांना जोडणारा दांडा). कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेली मोटारही तीनचाकीच होती. पुढची दोन चाकं नीट वळवायची कशी, याचं मनासारखं उत्तर त्यांना तोवर मिळालं नव्हतं.

वळणावर आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. दोन्ही सारख्याच कोनात वळली तर टायर घासत जातात. घोडागाडीत पुढचा अख्खा आस मधल्या खिळीवर फिरे आणि तो फिरवण्याचं काम घोडाच करी. मोटारीत ते माणसाच्या हातावर आलं. एका चाकाखाली दगड आला की लांब आसाची तरफ होऊन सगळा हिसका चालकाला बसणार! म्युनिकचे गाडी-कारागीर गेऑर्ग लांकेनश्पेर्गर यांनी प्रत्येक चाक स्वतंत्र खिळीवर वळवण्याची युक्ती आधीच शोधली होती. १८१८ मध्ये लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमन यांनी तिचं पेटंट घेतलं आणि नाव आकरमन यांचंच रूढ झालं. बेंझ त्याच तत्त्वावर १८९३ मध्ये पोचले.

भूमिती सुटली, ताकदीचा प्रश्न उरला. सुरुवातीच्या मोटारी होडीच्या सुकाणूसारख्या दांड्यानं वळत. वेग वाढला तसा तो दांडा हातातून निसटू लागला. १८९४ च्या पॅरिस-रूआँ शर्यतीत आल्फ्रेद व्हाशरों यांनी आपल्या पानार मोटारीला गोल चाक बसवलं. पुढे त्या चाकाला वर्म गिअरची, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांनी दाते ढकलणाऱ्या रचनेची, जोड मिळाली. हातानं चाकं सहज वळत, पण खड्ड्यांचा धक्का उलट हातापर्यंत येत नसे. अनेकांना हे आदर्श वाटलं.

पण एक खोट होती. धक्का अडवणाऱ्या घर्षणानं रस्त्याची खबरही अडवली. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येईना, टायर घसरू लागले तरी हाताला कळेना. म्हणून पुढच्या पिढ्यांनी वर्मच्या जोडीला रोलर आणि गोळ्या आणल्या. घर्षण घटलं आणि थोडा रस्ता हातात परत आला.

मुंबईची प्रीमियर पद्मिनी याच वर्म घराण्यातली. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे वर्म मधल्या भागातच जास्त झिजतो आणि स्टिअरिंगला 'प्ले', म्हणजे ढिलेपणा, येतो. मेकॅनिक स्टिअरिंग बॉक्सवरचा लॉकनट सैल करून स्क्रू थोडा आवळतो. तो जास्त आवळला, तर मधला प्ले जातो, पण पूर्ण वळणावर, जिथे दाते कमी झिजलेले असतात, तिथे स्टिअरिंग जाम होतं.

हलक्या गाड्यांनी सरळ वाट धरली: दातेरी पट्टी आणि तिला सरकवणारं छोटं दातेरी चाक, पिनियन. १९४८ च्या मॉरिस मायनरमध्ये हीच रचना होती, आपल्याकडे मारुती ८०० नं ती घराघरांत नेली. सुटे भाग कमी, प्ले कमी, आणि रस्ता पुन्हा हाताशी. मग टायर रुंदावले, इंजिनाचा भार वाढला, ताकदीचा प्रश्न परत आला. १९८८ मध्ये सुझुकी सर्व्होमध्ये विजेच्या मोटरनं मदत करणारं स्टिअरिंग आलं. पार्किंगमध्ये ते बोटानं फिरतं, पण हाताला रस्ता जाणवतो तो त्या मोटरमधून गाळून. शंभर वर्षांपूर्वी जो रस्ता हातापासून दूर ठेवण्यासाठी अभियंते झटले, त्याचीच जाणीव किती परत द्यायची, हे आज ते सॉफ्टवेअरमध्ये ठरवत बसले आहेत.