फासा, साप आणि भूतकाळ

सापशिडी मुळात वेळ घालवण्यासाठी जन्मलीच नाही. जैनांच्या ज्ञानचौपडावर बहुधा 84 घरं असत, वैष्णवांच्या पटावर 72. घराघरावर सद्गुण-दुर्गुणांची नावं. आपल्याकडे या पटाला मोक्षपट म्हणतात, आणि त्याचं श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते. (पुरावा मागितला की परंपरा गप्प बसते.) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात पोचला, आणि आता तोच पट इंग्रजीच्या तासाला व्याकरण शिकवायला वर्गात येतो.

'येस्टरडे' लिहिलेल्या घरात सोंगटी आली की भूतकाळातलं वाक्य करायचं. 'ही डिडन्ट वेन्ट टु स्कूल' म्हटलं की साप! उरलेला गट ओरडतो, 'डिडन्ट गो!' वहीत लाल शाईने खोडलेली हीच चूक कुणी वळूनही पाहत नाही. इथे मात्र सगळ्यांचे कान टवकारलेले असतात.

पण हे शिकणं खरं, की जिंकण्याची हाव? गीता फळाची आशा सोडायला सांगते, आणि जिंकायचंच नसेल तर फासा कोण टाकेल? मानसशास्त्रज्ञांनाही हा पेच सुटलेला नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी 1973 साली अमेरिकेतल्या बालवाडीतला प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रं काढण्याची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना आधी बक्षीस कबूल केलं; पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांत कमी रमली. ज्यांना बक्षीस अवचित मिळालं, त्यांची गोडी मात्र टिकली. तेव्हा पटाशेजारी चॉकलेटचा डबा मांडणाऱ्या शिक्षकांनी जरा सांभाळून.

फाशाचं प्रकरण वेगळं. जुन्या पटावर सगळा कारभार प्रारब्धाचा: दान पडेल तिथे जायचं, साप चावला तर खाली यायचं, खेळणाऱ्याने काही केलं म्हणून नव्हे. व्याकरणाच्या पटावर क्रियमाणालाही, म्हणजे आत्ता करायच्या कर्मालाही, जागा मिळते. घर फासा ठरवतो, वाक्य मुलाला करावं लागतं. तरीही हुशार मुलगी एकेक टाकत मागे रेंगाळते आणि मागच्या बाकावरचा एखादा लागोपाठ सहा टाकून पुढे निघतो. पहिली रुसते, हे खरंच. पण निव्वळ गुणांच्या शर्यतीत मागच्या बाकाचा निकाल आधीच लागलेला असतो. फाशामुळे त्याला पुढच्या घरातलं वाक्य जुळवून पाहावंसं वाटतं. न्यायासाठी फासा काढून टाकला, तर उरते ती नेहमीची तोंडी परीक्षा.