रिकामं ते कोणाचं?

आमच्या घरात कॉम्प्युटर दोन आणि इंटरनेटची वायर एक. दुसरी ओढायची तर जांभ्याची दीड हात भिंत पोखरायची आणि (कोकणी माणसाला त्याहून कठीण) पैसे सोडायचे. वायरमनचा पोरगा म्हणाला, "काका, दुसरी कशाला? हिच्यात आठ तारा आहेत, राबतात चारच. नारिंगी नि हिरवी जोडी काम करते, निळी नि तपकिरी नुसती बसून. दोन्ही टोकांना फोडू, एका वायरीत दोन लायनी!"

बसून असणाऱ्यांना कामाला लावायचं, ही कल्पनाच आम्हां बँकवाल्यांना नवी. मी हो म्हटलं, आणि चक्क चाललं! प्रत्येक जोडीतल्या तारा एकमेकींना पीळ घालून असतात. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि वजाबाकीत उडून जातो. शिवाय दर जोडीचा पीळ निराळा, म्हणून शेजारणीचं बोलणं हिच्या कानी पडत नाही. एका सालीत इतका सलोखा आमच्या आळीत नाही!

दुसरी लाइन गेली दादाच्या खोलीत. दादा माझा चुलतभाऊ, राहतो बोरिवलीला. त्याच्या वाटणीची ही खोली बारा वर्षं रिकामी. म्हणजे आधी तिथं आमसुलांचे डबे गेले, मग आंब्याची आढी, मग हिचं शिलाई मशीन आणि आता अभ्यासाला चिरंजीव. कोणी वापरत नाही, मग बिघडलं काय?

बिघडलं ते पुढे. शंभराऐवजी हजाराचा वेग घेतला, तरी गाडी शंभरावरून हलेना. पोरगा म्हणाला, "काका, शंभराचा नियम १९९५ चा, त्याला दोन जोड्या पुरतात. हजाराचा १९९९ चा, त्याला चारही लागतात." म्हणजे त्या तारा रिकाम्या नव्हत्याच, राखीव होत्या!

त्याच रात्री दादाचा फोन. "पुढल्या महिन्यात रिटायर होतोय रे. तिकडंच यावं म्हणतो. माझी खोली रिकामीच आहे ना?"

"हो तर!" मी म्हणालो. फोन ठेवून तिथल्या सामानाची यादी केली. दोन पानं भरली.

झोप येईना. खात्यावर दोन वर्षं व्यवहार नसला की ते निष्क्रिय. दहा वर्षं कोणी फिरकलं नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या २०१४ साली काढलेल्या निधीत जाते. पण अकराव्या वर्षी म्हातारा पासबुक घेऊन उभा राहिला, तर बचत खात्याचे पैसे व्याजासकट मोजून द्यावे लागतात. वापर थांबला म्हणून मालकी थांबत नाही. हे काउंटरवर रोज दुसऱ्यांना समजावणारा मी, घरी मात्र बारा वर्षं परक्या खात्यातून बिनदिक्कत पैसे काढत होतो!

सकाळी दादाला फोन करून सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "अरे, मला विचारलं असतंस, तर मी हो म्हटलं नसतं का?" ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

रविवारी खोली मोकळी केली, तारा परत जोडल्या, भिंत पोखरून दुसरी वायर घेतली. आणि व्याज म्हणून दादासाठी हापूसची एक पेटी खोलीत ठेवली आहे.

कलम दादाच्याच वाटणीचं आहे, ही गोष्ट वेगळी.