आंधळा मिनोटॉर

ग्रीक पुराणकथेतला मिनोटॉर आंधळा नव्हता. अंग माणसाचं, डोकं बैलाचं, असा हा क्रीटच्या राणीचा मुलगा. डेडलसने बांधलेल्या भुलभुलैयात त्याला कोंडलं, अथेन्सहून येणाऱ्या तरुण मुला-मुलींवर तो जगला आणि थिसिअस या वीराच्या हातून मेला. रोमन कवी ऑव्हिडने तर त्याची बोळवण मोजक्या ओळींत केली. या मिनोटॉरची दृष्टी गेली आणि एक लहान मुलगी त्याला वाट दाखवू लागली, ही कथा जन्मली १९३४ साली, पाब्लो पिकासोच्या हातातल्या तांब्याच्या पत्र्यावर.

आंब्रवाज व्होलार या पॅरिसच्या चित्रविक्रेत्यासाठी पिकासोने १९३० ते १९३७ या काळात शंभर मुद्राचित्रं केली. त्यांतल्या चारांत हा आंधळा मिनोटॉर आहे. या आंधळ्या मिनोटॉरच्या आधी पिकासोने ऑव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसेस’साठी तीस एचिंग्ज, म्हणजे पत्र्यावर आम्लाने कोरलेली चित्रं, केली होती; ती १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली. नितळ रेषा, सावलीचा मागमूस नाही. सुंदरच आहेत ती, पण तिथे पिकासो कवीच्या मागून चालतो. मिनोटॉरच्या बाबतीत मात्र कवी मागे राहिला. मला वाटतं, या फरकामागे त्या दिवसांतल्या पिकासोच्या मनःस्थितीइतकाच छपाईच्या तंत्राचाही हात आहे.

आंधळ्या मिनोटॉरचं चौथं चित्र रात्रीचं आहे. ते मुख्यतः ॲक्वाटिंटमध्ये केलेलं. पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरून ती तापवून चिकटवतात. मग आम्ल कणाकणांच्या मधल्या जागा खातं आणि त्या खरखरीत पृष्ठभागावर शाई धरते. पिकासोने असा गडद काळोख आधी तयार केला आणि मग खरवडणीने घासघासून त्यातून उजेड काढला. जिथे पत्रा गुळगुळीत झाला तिथे शाई टिकली नाही. मुलीचा चेहरा, तिच्या कवेतलं कबूतर, मिनोटॉरचं वर उचललेलं तोंड, सगळं असं अंधारातून सोडवून आणलेलं आहे. कागदावर पेन्सिलीने काढणारा पांढऱ्यापासून सुरुवात करतो. इथे सुरुवातच न दिसण्यापासून होते. अशा पत्र्यावर काम करणाऱ्याला या प्राण्याचं आंधळेपण शोधायला दूर जावं लागलं नसणार. आंधळ्या इडिपसला हात धरून नेणारी त्याची मुलगी अँटिगनी ग्रीक नाटकात होतीच. पिकासोने ते नातं उचललं आणि राक्षसाला देऊन टाकलं.

मुद्राचित्रकार काम करता करता मध्येच ठसा काढून पाहतो, पुन्हा पत्र्याकडे वळतो, काही रेषा घासून टाकतो, काही खोल करतो. या प्रत्येक टप्प्याला ‘अवस्था’ म्हणतात. १९३५ च्या ‘मिनोटॉरोमाखी’ या मोठ्या पत्र्याच्या अशा अनेक अवस्था आहेत. उजवीकडून मिनोटॉर हात पुढे करून येतो, समोर मेणबत्ती धरलेली मुलगी निश्चल उभी, मध्ये जखमी घोडा आणि त्याच्या पाठीवर बेशुद्ध पडलेली स्त्री बुलफायटर. एक दाढीवाला शिडी चढून निघाला आहे. थिसिअस कुठेच नाही. पुराणकथांचंही असंच होत आलं आहे. ग्रीक नाटककार सोफोक्लिसची इडिपसकथा ही एक अवस्था, ऑव्हिडचा मिनोटॉर ही एक. शेवटचा ठसा कुणाकडेच नसतो, आणि म्हणूनच या कथा अजून कामाच्या आहेत.

या चित्रांवर माझं प्रेम आहे, तरी त्यांच्यापुढे मी निर्धास्त उभा राहू शकत नाही. व्होलारसाठी केलेल्या त्याच शंभर चित्रांत मिनोटॉर झोपलेल्या स्त्रीवर ओणवलेलाही दिसतो. वाट दाखवणाऱ्या मुलीचा चेहरा पिकासोची प्रेयसी मारी-तेरेझ हिचा आहे. पिकासो तिला भेटला तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि तो पंचेचाळिशीचा. बैलाचा मुखवटा घालून स्वतःसाठी करुणा मागणारा माणूस आपण ओळखला पाहिजे. पण ‘हे त्याचं आत्मचरित्र’ असं म्हणून विषय मिटवणंही मला पटत नाही. आत्मचरित्र म्हणावं, तर ‘मिनोटॉरोमाखी’तली मेणबत्ती त्याने स्वतःच्या हातात दिली असती. ती त्याने मुलीला दिली, आणि स्वतः त्या उजेडासमोर हात धरला.

पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. म्हणजे ‘मिनोटॉरोमाखी’ कोरताना पिकासोच्या डोळ्यांसमोर बैल डावीकडे होता आणि दिवा उजवीकडे. दोन वर्षांनी, १९३७ मध्ये, स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले आणि त्याने ‘गेर्निका’ हे प्रचंड चित्र रंगवलं. त्यात मध्ये घोडा किंचाळतो आहे, दिवा धरलेली बाई उजवीकडून खिडकीबाहेर झुकली आहे, बैल डावीकडे उभा आहे. छापलेल्या कागदापेक्षा कोरलेल्या पत्र्यालाच ही मांडणी जवळची आहे.