सरासरीचें माप

खेड्यांतल्या गाडीवानास पदार्थविज्ञान शिकवावें लागत नाहीं. पोतीं भरतांना मागल्या बाजूस भार अधिक झाला कीं गाडी उलाळ होते, जूं बैलांच्या मानेवरून उचलूं लागतें, गळ्यांतले पट्टे ताणले जातात. मग तो एखादें पोतें ओढून पुढें घेतो. एकंदर ओझें तेंच राहतें, केवळ त्याची जागा बदलते, आणि तेवढ्यानें गाडी ताळ्यावर येते.

विमानासहि हाच न्याय लागू आहे. भेद इतकाच कीं तेथें चूक उमगल्यावर खालीं उतरून पोतें सरकवितां येत नाहीं. विमानाचें वजन किती हा एक प्रश्न, व तें वजन कोठें सांठलें आहे हा दुसरा. प्रत्येक ओझ्याच्या भारास एका ठरीव बिंदूपासूनच्या त्याच्या अंतरानें गुणावयाचें, गुणाकारांच्या बेरजेस एकंदर वजनानें भागावयाचें, म्हणजे गुरुत्वमध्य सांपडतो. तो ठरलेल्या मर्यादेपुढें गेला तर नाक उचलण्यास कष्ट पडतात व धांवपट्टी अधिक लागते. मागें गेला तर संकट याहून मोठें. नाक आपण होऊन वर चढूं पाहतें, तें फार चढलें म्हणजे पंखांना हवेचा आधार राहत नाहीं, आणि शेपटाच्या ज्या हलत्या आडव्या पात्यांनीं वैमानिक नाक खालीं आणतो, त्यांचें बळ अपुरें पडतें.

आतां या हिशेबांत उतारूंचें वजन कोठून येतें? पुष्कळांस वाटत असेल कीं तें मोजलेलें असतें. बहुधा तें मोजलेलें नसतें, मानलेलें असतें. सरकारी खात्यानें मान्य केलेली एक सरासरी असते, तिला माणसांच्या संख्येनें गुणतात, आणि काम भागतें. येथेंच आमच्या मतें एक नैतिक प्रश्न दडलेला आहे.

ता. ८ जानेवारी २००३ रोजीं अमेरिकेंतील शार्लट येथून एअर मिडवेस्ट कंपनीचें एक लहान विमान उडालें. आंत १९ उतारू व २ वैमानिक. नाक एकसारखें वर चढत गेलें, विमानाचा तोल सुटला, आणि अवघ्या ३७ सेकंदांत तें विमानतळावरीलच एका विमानघरावर कोसळलें. एकवीसहि जण गेले. चौकशींत दोन कारणें निघालीं. दोनच रात्रींपूर्वीं झालेल्या दुरुस्तींत शेपटाच्या पात्यांच्या तारा चुकीच्या बसविल्यामुळें नाक खालीं आणण्याची त्यांची शक्ति खुंटली होती. आणि गुरुत्वमध्य मर्यादेच्या बराच मागें होता. वैमानिकांचा कागद मात्र निर्दोष होता! मान्य सरासरी घेऊन केलेल्या त्या हिशेबांत विमान मर्यादेच्या आंतच होतें. उतारू सरासरीहून जड होते, इतकेंच.

मग असत्य कोण बोललें? वैमानिकांनीं नियम पाळला. सरासरी काढणाऱ्यानेंहि खोटें लिहिलें नव्हतें; माणसें पालटत गेलीं, आंकडा तेथेंच राहिला. सरासरीचें समर्थन करणारे म्हणतात कीं मोठ्या समुदायांत कोणी जड, कोणी हलका, चुका एकमेकींस खाऊन टाकतात. तीनशें माणसांच्या विमानांत हें बव्हंशीं खरें आहे. पण एकोणिसांत? तेथें चार धिप्पाड माणसें मागल्या रांगेंत बसलीं तर त्यांचा भार झेलावयास समुदाय कोठून आणणार? सरासरी हें बहुतांविषयींचें सत्य आहे. थोडक्यांविषयीं तें केवळ अनुमान होय, आणि अनुमानावर दुसऱ्याचा जीव ठेवणाऱ्यानें तें वेळोवेळीं पडताळून पाहण्याचें कर्तव्यहि उचललेंच पाहिजे. नियम पाळणारा येथें निर्दोष ठरेल. नियम घालून देऊन स्वस्थ बसणाऱ्यास तितक्या सहज सोडण्यास आम्ही तयार नाहीं. अपघातानंतर अमेरिकन खात्यानें उतारूंच्या वजनाचे आंकडे वाढविले, यांत पूर्वीचे आंकडे शिळे झाल्याची कबुली आहेच.

कोणी म्हणेल, प्रत्येकास कांट्यावर उभें करा. अगदीं लहान विमानांत तसें करतातहि. परंतु वजन विचारणें सभ्यपणाचें समजत नाहींत. विचारलें तर कित्येक जण दोन-चार शेर कमी सांगतात. (घरांतल्या घरांत ही लबाडी निरुपद्रवी असते, आणि आम्हीहि तींतून मुक्त नाहीं.) न्यूझीलंडच्या विमानकंपनीनें २०२३ सालीं ऑकलंड येथें दहा हजारांवर उतारूंचीं वजनें त्यांच्या संमतीनें घेतलीं, तेव्हां कांट्याचा आंकडा दर्शनीं लावला नव्हता, तो थेट हिशेबांत जाई, नांवाशीं जोडला जात नसे. सत्य आणि संकोच या दोहोंची सोय लावण्याचा हा प्रकार आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो.

शार्लटच्या अपघातांत आपली मुलगी गमावलेल्या आईबापांनीं कंपनीकडे केवळ भरपाई मागितली नाहीं. जाहीर क्षमायाचना मागितली. वकिलांच्या जगांत ही मागणी विलक्षणच, कारण तेथें पैसे देतात आणि दोष नाकारतात. तथापि २००५ सालीं कंपनीच्या प्रमुखानें मृतांच्या आप्तांसमोर उभें राहून चूक जाहीरपणें पत्करली.