अर्धं फळ वाहनाचं

तीर्थयात्रेच्या फळाचा एक जुना हिशेब आहे. वाहनात बसून गेलं की अर्धं फळ जातं. छत्री आणि पादत्राणं वापरली की त्याच्या निम्मं. वाटेत व्यापार केला तर चारातले तीन हिस्से, आणि प्रतिग्रह केला, म्हणजे दान घेतलं, तर सगळंच. ही बेरीज एकावर जाते हे उघड आहे, पण पुण्याचा ताळेबंद कुणी ऑडिटला देत नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेच्या अशा नियमांची साक्षेपाने छाननी केली आहे. आज घरच चाकांवर घालून लोक स्पितीला आणि लडाखला निघतात, छपरावर तंबू उघडतात आणि त्याला ‘स्वतःचा शोध’ म्हणतात. शोध हा शब्द त्यांनीच वापरला आहे, तेव्हा जुना हिशेब त्यांना लावून पाहायला हरकत नसावी. पहिल्या वाचनात तो सनातनी कटकट वाटतो. नीट पाहिलं तर त्यात एक गोष्ट खटकते आणि विचार करायला लावते: वाहन हा त्यातला मोठा दोष नाहीच. व्यापार त्याहून मोठा आणि दान घेणं सर्वांत मोठं. असं का?

मत्स्यपुराणातल्या प्रयागमाहात्म्यात एक धागा सापडतो. तिथे वाहनाचा निषेध सरसकट नाही. ऐश्वर्यामुळे, लोभापायी किंवा मोहाने जो वाहनातून जातो त्याची यात्रा निष्फळ, असं म्हटलं आहे. चाकाला दोष दिलेला नाही, चाकावर बसण्यामागच्या कारणाला दिलेला आहे. यात्रा म्हणजे काही काळ घराबाहेर असणं. आणि घराबाहेर असणं म्हणजे नुसतं वेगळ्या गावी असणं नव्हे, तर आपली सोय, आपली ऐपत, आपली घडी जिथे चालत नाही अशा ठिकाणी दुसऱ्याच्या रीतीने राहणं. छत्री का मोजली, जोडा का मोजला, तेही मग कळतं. ऊन आणि वाट यांच्याशी संबंध जितका तुटतो तितकं फळ तुटतं. माझं म्हणणं एवढंच आहे की वाहन शरीर वाहून नेतं तोवर यात्रेचं अर्धं फळ जातं, पण वाहन घरच वाहून न्यायला लागतं तेव्हा उरलेलं अर्धंही धोक्यात येतं. आणि मुक्कामी प्रवासाच्या गेल्या तीन-चार पिढ्यांचा इतिहास हा या दुसऱ्या अर्ध्याचा इतिहास आहे.

बैलगाडीपासून सुरुवात करू, कारण गाडीवर संसार लादून मुक्काम करत जाणं हा काही परदेशी शोध नाही. जत्रेला, कुलदैवताला, मुलीच्या सासरी माणसं अशीच जात. संध्याकाळी गाडी सोडायची म्हणजे शिवळा काढायच्या, जू उतरवायचं, बैल चाकांना बांधायचे, तीन दगडांची चूल मांडायची आणि गाडीच्या साटीखाली अंथरूण टाकायचं. आखाला लावायचं वंगण नळ्यात भरून गाडीखाली टांगलेलं असे. वरवर पाहता हे स्वयंपूर्ण बिऱ्हाड आहे. पण बैलाला रोज पाणी लागतं आणि वैरण लागते, आणि चार-आठ दिवसांचा कडबा बरोबर घेतला तर माणसांना बसायला जागा उरत नाही. म्हणजे मुक्काम कुठे करायचा हे मालक ठरवत नव्हता. विहीर ठरवत होती, आणि विहिरीला मालक होता. त्याला विचारावं लागे. विचारताना गाव सांगावं लागे, नाव सांगावं लागे, आणि या देशात जातही सांगावी लागे. ते दिवस सोनेरी होते असं कुणी समजू नये. कित्येकांना त्या विहिरीवर पोहराही टाकता येत नव्हता. तरी गाडीला गावाची गरज होती, ही गोष्ट खरी.

मोटारीने पहिल्यांदा ही गरज बदलली, पण संपवली नाही. १ सप्टेंबर १९५५ रोजी ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा विद्यार्थी दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाले आणि मार्च १९५६ मध्ये सिंगापूरला पोहोचले. कलकत्त्यापुढे ईशान्य भारतातून ब्रह्मदेशात शिरणारा युद्धकाळातला लेडो रस्ता त्यांनी धरला. त्यांच्यातल्या टिम स्लेसरने लिहिलेलं ‘फर्स्ट ओव्हरलँड’ हे पुस्तक आजही या छंदाचं आद्य पुस्तक मानलं जातं. ही मोहीम अगदी निःसंग नव्हती. कंपन्यांची मदत होती, चित्रफितीचा करार होता. व्यापाराचे तीन हिस्से पहिल्याच पिढीत कापले गेले म्हणायचे. साठच्या दशकात त्याच वाटेवर हिप्पींच्या फोक्सवॅगन व्हॅन आणि रंगवलेल्या जुन्या बस धावू लागल्या: इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, पेशावर, लाहोर, दिल्ली, आणि मग एकतर काठमांडू नाहीतर गोव्यात हणजूण. या पिढीने वाहन वापरलं, पण तिची गाडी गरीब होती. ती बिघडायची. बिघडली की ज्या गावात बिघडली तिथल्या मिस्त्रीच्या दारात दिवस काढावे लागत, त्याच्याकडचा चहा प्यावा लागे, खाणाखुणांनी बोलावं लागे. मोडकी गाडी हीच या प्रवासाची वैरण होती. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट बंद झाली.

आजची गाडी मोडत नाही, मोडली तर फोनवरून मदत येते. छपरावर सौर पॅनल, आत लिथियम बॅटरी, फ्रिज, पाण्याची टाकी, पंप. पाणी भरायला थांबायचं, पण विचारायचं नाही. पेट्रोल पंपावर नळ असतो. वाट कुणाला विचारायची नाही, नकाशा बोलतो. काय पाहायचं, कुठे झोपायचं, चंद्र कधी उगवणार, सगळं आधी ठाऊक. रात्री दार लावलं की गाडीबाहेर किन्नौर आहे की कोकण याने आतल्या कशातच फरक पडत नाही. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याला माझा विरोध नाही. रोजगार मिळत असेल तर उत्तमच. पण आपल्या हिशेबात याला काय म्हणायचं? शरीर हजार किलोमीटर गेलं आणि घर एक इंचही सुटलं नाही. त्यातच अनेकांचा प्रवास चित्रफितींवर आणि जाहिरातींवर चालतो. म्हणजे अर्धं वाहनाचं, तीन हिस्से व्यापाराचे. धर्मशास्त्राच्या जुन्या निबंधकाराने यापुढे हिशेब करायची तसदी घेतली नसती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मी स्वतःलाच खोडतो आहे. सगळं फळ घालवतो तो प्रतिग्रह. मग दुसऱ्याच्या दारात राहणं, त्याचा चहा पिणं, त्याच्या विहिरीचं पाणी घेणं हा प्रतिग्रहच नव्हे काय? स्वतःचं घर बरोबर नेणारा निदान कुणाचं घेत तरी नाही. आक्षेप वजनदार आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एक झाल्या आहेत. धर्मशास्त्रात प्रतिग्रह हा उपजीविकेचा एक प्रकार आहे, ब्राह्मणाच्या षट्कर्मांपैकी एक. विधिपूर्वक दान घेणारा त्या दानाचा मालक होतो. तीर्थाला निघून जो दानं गोळा करतो त्याची यात्रा कमाईची होते, म्हणून तिचं फळ शून्य. अतिथीला घास घालणं मात्र गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत येतं. तिथे घेणाऱ्याच्या मालकीचं काही होत नाही, आणि ज्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असा अर्थ परंपरेने लावला आहे. एक मागतो साठवण्यासाठी, दुसऱ्याला लागतं आजच्यापुरतं. हिप्पींच्या वाटेवर हे दोन्ही प्रकार होते हे कबूल करायला हवं. श्रीमंत देशांतली मुलं गरीब देशांतल्या माणसांच्या पाहुणचारावर महिनोन्‌महिने काढत होती, तेव्हा अतिथी कुठे संपला आणि प्रतिग्रह कुठे सुरू झाला ते सांगणं अवघड होतं.

दुसरा आक्षेप अधिक मानवी आहे. वृद्धांनी काय करायचं? गुडघे गेलेल्यांनी? आणि परक्याच्या अंगणाचं हे कौतुक एकट्या बाईने कसं करायचं, जिला ते अंगण सुरक्षित नाही? गाडीचं आतून लागणारं दार ही तिच्यासाठी चैन नाही. याला माझं उत्तर मत्स्यपुराणाचंच आहे. ऐश्वर्य, लोभ, मोह ही तीन कारणं दोषाची. अशक्तपणा त्यात नाही, भीतीही नाही. ज्या बाईला पूर्वी कुणी एकटीने जाऊच दिलं नसतं तिला या गाडीने वाट दिली असेल, तर तिच्यासाठी घर सुटलंच आहे, गाडी कितीही सुसज्ज असो. म्हणून हिशेब गाडीच्या किमतीवरून करता येत नाही.

तिसरा आक्षेप वारीचा, आणि तो महाराष्ट्रात टाळता येणार नाही. वाहनांच्या आधाराने होणारं आपल्याकडचं सर्वांत मोठं मुक्कामी चालणं म्हणजे आषाढीची वारी. प्रत्येक दिंडीबरोबर ट्रक असतो. त्यात राहुट्या, भांडी, शिधा, गॅस, वारकऱ्यांच्या वळकट्या. मागे पाण्याचा टँकर. मग वारीचं अर्धं फळ गेलं का? इथे ट्रक काय वाहतो ते पाहिलं पाहिजे. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर शरीर चालतं. ट्रक ओझं नेतो, आणि तेही एकाचं नव्हे, दिंडीचं. राहुटीत कुणाशेजारी झोपायचं हे माणूस आपल्या आवडीने ठरवत नाही. गावोगाव लोक जेवू घालतात आणि वारकरी ते घेतो. उद्या तो त्या गावात नसतो. १९०६ साली बार्शी लाइटची छोटी रेल्वे पंढरपूरला पोहोचली, नंतर एसटी आली, तरी चालणारे चालत राहिले. परतताना बहुतेक जण एसटी किंवा ट्रक धरतात, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. विठ्ठल भेटल्यावर घाई करायला हरकत नाही, असा त्यामागचा समंजस विचार असावा. दुसऱ्या बाजूने, वाटेवर वाढत चाललेले पुढाऱ्यांचे आणि कंपन्यांचे फलक मात्र व्यापाराच्या खात्यात टाकावे लागतात.

आता उरतात ज्यांनी हा प्रवास छंद म्हणून कधी केलाच नाही ते लोक. गाडीवर घर घेऊन फिरणारे गाडिया लोहार, पाल ठोकून राहणारे आपल्याकडचे कितीतरी भटके समाज. चितोड पडल्यावर छपराखाली न राहण्याची शपथ आपल्या पूर्वजांनी घेतली, असं गाडिया लोहार सांगत आले. घर बरोबर असूनही ते गावाशिवाय जगू शकत नव्हते. विळे, कुऱ्हाडी, तवे विकायला गाव लागतंच. माझ्या म्हणण्याला त्यांच्यामुळे बाध येत नाही, उलट ते पक्कं होतं. पण त्यांच्याकडे पाहिलं की पुण्याच्या हिशेबापलीकडचा एक प्रश्न समोर येतो. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला, नजर गेली नाही. गावाबाहेरच्या माळावर पाल पडलं की चौकशी होते. त्याच माळावर चाळीस लाखांची कॅम्परव्हॅन उभी राहिली की पोरं फोटो काढायला येतात आणि सरपंच चहा पाठवतो.

तेव्हा हौसेने गाडी घेऊन निघणाऱ्यांना एकच विनंती. ज्या माळावर रात्री थांबाल तो कुणाचा आहे ते आधी विचारा, आणि शेजारी पाल असेल तर तिथेही विचारा. ते तुमच्या आधी आलेले आहेत.